हुकूमशहाला विद्यार्थी संघटना कशाला लागते? फ्रँकोच्या स्पेनमधल्या ‘सेउ’ची गोष्ट

२० नोव्हेंबर २०२५ ला स्पेनचा हुकूमशहा फ्रान्सिस्को फ्रँको याला जाऊन ५० वर्षं झाली. त्या निमित्तानं बरेच लेख आले, जुने फोटो पुन्हा फिरले. त्यातला एक माझ्या भाचीनं मला दाखवला. निळ्या शर्टातली कॉलेजची मुलं रांगेत उभी, उजवा हात ताठ वर. भाची यंदाच एफवायला गेली आहे. तिनं विचारलं, “मावशी, हुकूमशाहीत विद्यार्थी संघटनांवर बंदी असते ना? मग ही संघटना कुठली?”

भल्याभल्यांचा इथे गोंधळ होतो. हुकूमशहा म्हटला की तो संघटना मोडणारच, असं आपण धरून चालतो. फ्रँकोनं आधीच्या विद्यार्थी संघटना मोडल्या हे खरं. पण त्यांच्या जागी त्यानं स्वतःची एक संघटना उभी केली आणि १९४३ च्या कायद्यानं देशातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला तिचा सदस्य करून टाकलं. विद्यापीठात नाव घातलं की सदस्यत्व आलंच, नको म्हणायची सोयच नाही. गंमत म्हणजे हीच संघटना पुढे विद्यार्थ्यांनी आतून ताब्यात घेतली आणि १९६५ मध्ये सरकारला ती स्वतःच्या हातानं बंद करावी लागली. हे कसं झालं ते मुळापासून बघू.

## आधी दोन शब्द समजून घेऊ

पहिला शब्द फॅसिझम. रागावलेल्या कुणालाही हल्ली आपण फॅसिस्ट म्हणून मोकळे होतो, त्यामुळे शब्द गुळगुळीत झाला आहे. साधा हुकूमशहा लोकांना सांगतो, घरी बसा, राजकारणात पडू नका. फॅसिस्ट राजवटीला लोकांनी घरी बसलेलंही चालत नाही. तिला सगळे रांगेत हवे असतात: गणवेश घातलेले, घोषणा देणारे, एका नेत्यामागे चालणारे. कामगार, बायका, शाळकरी पोरं, विद्यार्थी, प्रत्येकासाठी एकेक सरकारी संघटना, आणि तिच्या बाहेर कुणी नाही. मुसोलिनीच्या इटलीत विद्यापीठातल्या फॅसिस्ट तरुणांचे गट होते. जर्मनीत नाझींची विद्यार्थी संघटना १९२६ मध्ये निघाली, आणि १९३१ मध्येच देशभरच्या विद्यार्थी मंडळाचं अध्यक्षपद तिनं जिंकलं. म्हणजे हिटलर सत्तेवर यायच्या दीड वर्ष आधी विद्यापीठं त्याच्या बाजूला गेली होती. १० मे १९३३ ला बर्लिनमध्ये पुस्तकांची होळी झाली, तिच्यात पुढाकार विद्यार्थी संघटनांचाच होता. तरुण पिढी आपोआप स्वातंत्र्याच्या बाजूनं उभी राहते, हा भ्रम या एका गोष्टीनं उतरावा.

दुसरा शब्द ‘सिंदिकातो’. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ संघ, युनियन. पण फ्रँकोच्या राज्यात संघ ‘उभा’ असायचा. एखादी चाळ डोळ्यांसमोर आणा. घरमालकानं भाडेकरूंची समिती बरखास्त केली. मग नवी समिती काढली, तिच्यात स्वतःही बसला, भाडेकरूंनाही घातलं, अध्यक्ष स्वतःच नेमला, आणि सांगितलं की आता आपण सगळे एक आहोत, भांडणाचं कारणच उरलं नाही. गळक्या छपराची तक्रार करायची तर त्याच समितीकडे, त्याच अध्यक्षाकडे. कारखान्यांत मालक आणि कामगार असेच एका संघात कोंबले गेले, आणि विद्यापीठांत विद्यार्थी. विद्यार्थ्यांच्या या उभ्या संघाच्या नावाची आद्याक्षरं जोडली की ‘सेउ’ होतं.

## सेउ कुठून आली?

सेउ फ्रँकोनं जन्माला घातलेली नाही. फालान्हे नावाचा फॅसिस्ट पक्ष ऑक्टोबर १९३३ मध्ये माद्रिदमध्ये स्थापन झाला. त्याचा नेता होसे आन्तोनियो प्रिमो दे रिव्हेरा. पुढच्याच महिन्यात पक्षाची विद्यार्थी शाखा म्हणून सेउ निघाली. तेव्हा स्पेनमध्ये लोकशाही प्रजासत्ताक होतं आणि विद्यापीठांत ‘फुए’ या संघटनेचा जोर होता. फुए १९२० च्या दशकात, आधीच्या एका लष्करी हुकूमशहाविरुद्ध लढत मोठी झालेली. तो हुकूमशहा म्हणजे याच होसे आन्तोनियोचे वडील.

फुए आणि सेउ यांच्यात हाणामाऱ्या सुरू झाल्या, मग पिस्तुलं निघाली. ९ फेब्रुवारी १९३४ ला सेउचा एक संस्थापक, वैद्यकीय शाखेचा विद्यार्थी मातियास मोन्तेरो, माद्रिदच्या रस्त्यावर गोळ्या घालून मारला गेला. ही तारीख लक्षात ठेवा, ती पुन्हा येणार आहे. फ्रँकोच्या राज्यात तो दिवस ‘शहीद विद्यार्थी दिन’ म्हणून दरवर्षी पाळला जाई.

१९३६ ते १९३९ यादवी युद्ध झालं: एका बाजूला प्रजासत्ताक, दुसऱ्या बाजूला बंड करणारा सेनापती फ्रँको आणि त्याच्या साथीला फालान्हे. माद्रिदचं नवं कोरं विद्यापीठ नगर थेट आघाडीवर सापडलं. तत्त्वज्ञान आणि साहित्य विभागाच्या इमारतीत प्रजासत्ताकाच्या बाजूचे सैनिक खिडक्यांत ग्रंथालयातल्या जाडजूड पुस्तकांच्या भिंती रचून लढले. गोळ्या शिरलेली काही पुस्तकं त्या विद्यापीठानं आजही जपून ठेवली आहेत. युद्ध फ्रँको जिंकला. प्राध्यापकांची चौकशी होऊन कित्येकांना काढलं, कित्येक आधीच परदेशी पळाले होते. फुएवर बंदी आली. कॅथलिक आणि राजेशाहीवादी विद्यार्थ्यांच्या संघटना तर विजेत्यांच्याच बाजूच्या, पण त्याही सेउमध्ये विलीन कराव्या लागल्या. आपली माणसं म्हणून सूट नाही.

## कायद्यानं सदस्य: म्हणजे नेमकं काय?

माझ्या जुन्या फायलीत कॉलेजच्या प्रवेशाची एक पावती आहे. ट्यूशन फी, लायब्ररी, प्रयोगशाळा, जिमखाना, ओळखपत्र. जिमखान्यात मी तीन वर्षांत पाऊल टाकलं नाही, पण जिमखाना फी भरलीच. सेउचं सदस्यत्व तसंच प्रवेशाला चिकटून यायचं. फरक एवढाच की आपला जिमखाना आपल्याला कुणापुढे हात वर करून उभं राहायला सांगत नाही.

जुलै १९४३ च्या विद्यापीठ कायद्यानं ही सक्ती आली. शिक्षण राजवटीच्या विचाराशी जुळतं असावं, असं त्याच कायद्यात लिहून ठेवलं होतं. कुलगुरू फालान्हे पक्षाचा सदस्यच असला पाहिजे, अशीही अट होती. सेउचा राष्ट्रीय प्रमुख वरून नेमला जाई, तो प्रांतातले प्रमुख नेमणार, ते विभागातले. आदेश वरून खाली, तक्रार मात्र खालून वर जायला वाट नाही.

प्रत्येक शाखेत तीन विषय सक्तीचे होते: धर्म, राजकीय शिक्षण आणि शारीरिक शिक्षण. डॉक्टर होणारा असो की वकील, यातून सुटका नव्हती. विद्यार्थी त्यांना ‘तीन मारिया’ म्हणत. मारिया हे तिथलं घरोघरचं नाव. तीन मारिया म्हणजे कुणीही गंभीरपणे घेत नाही असे, पास व्हायचं आणि विसरायचं असे विषय. माझ्या मते सेउच्या अपयशाचं बीज या टोपणनावातच आहे. राजवटीला जो विषय सगळ्यांत महत्त्वाचा वाटत होता, त्याला मुलांनी कवडीची किंमत दिली नाही. माणसाला सक्तीनं वर्गात बसवता येतं, त्याचं मन बसवता येत नाही.

## पण सेउ मुलांना काही देत होती की नाही?

देत होती, आणि ते मान्य केल्याशिवाय ही गोष्ट कळायची नाही. युद्धानंतरची पहिली वर्षं स्पेनमध्ये उपासमारीची होती. अशा दिवसांत सेउची स्वस्त खानावळ होती. शिष्यवृत्त्या, वसतिगृहं, खेळ, सहली, मासिकं, नाटक मंडळं, सिनेमा क्लब, सगळं तिच्या हातात. ज्याला नाटक करायचं होतं त्याला सेउच्याच रंगमंचावर जावं लागे, कारण दुसरा रंगमंच नव्हता.

हीच तिची ताकद आणि हाच तिचा कच्चा दुवा. नाटकाची तालीम म्हणजे वीस मुलं रोज संध्याकाळी एका खोलीत. सिनेमा क्लब म्हणजे सिनेमा संपल्यावरची चर्चा. जिथे चार माणसांनी एकत्र जमणंही संशयास्पद, तिथे सेउ मुलांना जमायला जागा, निमित्त आणि वर शिक्का देत होती. पुढची पंचवीस वर्षं विद्यार्थ्यांनी याच फटीत पहार घालून ती रुंद केली.

त्यातही उन्हाळी श्रमशिबिरांची गोष्ट मला फार बोलकी वाटते. होसे मारिया दे यानोस हे जेझुइट पाद्री राजवटीचे पक्के पाठीराखे. विद्यार्थ्यांनी सुट्टीत खाणींत, बांधकामांवर कामगारांबरोबर राबावं, म्हणजे वर्गावर्गांतली दरी मिटेल, या हेतूनं त्यांनी १९५० च्या सुमारास शिबिरं सुरू केली आणि सेउनं ती आपल्या छत्राखाली घेतली. सुखवस्तू घरांतली मुलं पहिल्यांदा खाणीत उतरली, कामगाराच्या खोलीत झोपली, त्याचा पगार ऐकला. ‘आता सगळे एक आहेत’ हे वाक्य त्यांना तिथे पटेना. यातली कितीतरी मुलं पुढे राजवटीच्या विरोधात गेली. खुद्द यानोस पाद्री १९५५ मध्ये माद्रिदच्या कडेच्या एका झोपडवस्तीत राहायला गेले आणि शेवटी कम्युनिस्ट पक्षात दाखल झाले.

## बाहेरून लढणाऱ्यांचं काय झालं?

आत शिरायचा मार्ग सुचण्याआधी काही मुलांनी बाहेरूनच लढून पाहिलं. १९४६-४७ मध्ये माद्रिदमध्ये काही विद्यार्थ्यांनी बंदी घातलेली फुए गुपचूप पुन्हा सुरू केली. पत्रकं छापली. आणि विद्यापीठ नगरात, ज्या तत्त्वज्ञान विभागात पुस्तकांच्या भिंती रचल्या होत्या त्याच्याच विटांवर घोषणा लिहिली: स्वतंत्र विद्यापीठ चिरायू होवो.

लिहायला त्यांनी रंग वापरला नाही, सिल्व्हर नायट्रेट वापरलं. आपल्याला हे रसायन चांगलं ओळखीचं आहे. मतदानाच्या दिवशी डाव्या हाताच्या बोटावर जी शाई लागते तिच्यात तेच असतं. लावताना फिकट दिसतं, उजेड लागला की काळं पडतं आणि मग घासून जात नाही. रात्री लिहिलेली अक्षरं दिवसा उमटतात. चुना फासून झाकावी असा तो रंग नव्हता, तो विटेत मुरलेला होता.

पोलिसांनी हा गट १९४७ मध्ये पकडला. त्यात निकोलास सांचेझ-आल्बोर्नोझ हा विशीतला मुलगा होता, वडील नामांकित इतिहासकार, युद्धानंतर परागंदा झालेले. त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली. त्याला आणि मान्वेल लामाना या सोबत्याला माद्रिदजवळच्या क्वेल्गामुरोस इथे पाठवलं. तिथे फ्रँको डोंगर फोडून आपल्या विजयाचं प्रचंड स्मारक बांधत होता आणि कैद्यांना कामाला जुंपलं होतं. ऑगस्ट १९४८ मध्ये दोघं तिथून निसटले. सुटकेसाठी आलेली गाडी नॉर्मन मेलर या अमेरिकी लेखकाची होती. गाडीत मेलरची बहीण, तिची एक अमेरिकी मैत्रीण आणि पॅरिसमध्ये राहणारा एक स्पॅनिश विद्यार्थी. प्रवासी असल्याचं भासवत ते फ्रान्सच्या सीमेकडे गेले आणि दोघांनी पायी पिरेनीज पर्वत ओलांडला. त्या स्मारकातच १९७५ मध्ये फ्रँकोला पुरलं, आणि २०१९ मध्ये लोकशाही सरकारनं त्याचे अवशेष तिथून हलवले.

धाडस मोठं होतं, पण फुए संपली. मोजकी मुलं, सगळी एकमेकांना ओळखणारी. एक सापडला की साखळी सापडली. जर्मनीत म्युनिक विद्यापीठात पत्रकं वाटणाऱ्या सोफी आणि हान्स शोल या बहीणभावांचंही असंच झालं. १८ फेब्रुवारी १९४३ ला विद्यापीठाच्या शिपायानं त्यांना पकडून दिलं आणि चार दिवसांत दोघांचा शिरच्छेद झाला.

## मग १९५६ मध्ये काय बदललं?

पिढी बदलली. १९५० च्या दशकात विद्यापीठात आलेली मुलं युद्धाच्या वेळी लहान होती. त्यातली बरीच विजेत्यांच्या घरांतली, कारण तेव्हा विद्यापीठात जाणं मुळात पैसेवाल्यांनाच परवडे.

जानेवारी १९५४ मध्ये सेउनंच मुलांना रस्त्यावर काढलं. ब्रिटनची राणी जिब्राल्टरला येणार होती, आणि जिब्राल्टर आमचं असं स्पेनचं म्हणणं. ब्रिटिश वकिलातीसमोर निदर्शनं करायला मुलं गेली, तर पोलिसांनी त्यांना झोडपून काढलं. ज्या सरकारी संघटनेनं पाठवलं तिच्याच सरकारचे पोलीस. माझ्या मते त्या दिवशी कित्येक मुलांच्या मनातून सेउ उतरली.

१ फेब्रुवारी १९५६ ला माद्रिदमध्ये विद्यार्थ्यांनी एक निवेदन सह्यांसाठी फिरवलं. मागणी साधी होती: सेउची चौकट बाजूला ठेवून मुक्तपणे निवडून दिलेल्या प्रतिनिधींची राष्ट्रीय विद्यार्थी परिषद भरवा. ८ तारखेला फालान्हेची टोळी कायदा विभागात घुसली आणि मारामारी झाली. दुसऱ्या दिवशी ९ फेब्रुवारी, मातियास मोन्तेरोचा स्मृतिदिन. कार्यक्रमाहून परतणारे फालान्हेचे तरुण आणि विरोधी विद्यार्थी समोरासमोर आले, गोळी सुटली आणि फालान्हेच्याच एका मुलाच्या डोक्यात लागली. मुलगा वाचला. गोळी कुणी झाडली ते कधीच सिद्ध झालं नाही. तो गेला असता तर फालान्हेवाले सूड उगवणार या भीतीनं त्या रात्री माद्रिदमध्ये अनेकांनी घर सोडून आसरा घेतला. १० तारखेला सरकारनं नागरिकांचे जे तोकडे हक्क कागदावर होते तेही स्थगित केले. आठवड्याभरात शिक्षणमंत्री गेले, पक्षाचे मंत्रीही गेले, आणि कुलगुरूंनी राजीनामा दिला.

पकडलेल्यांची नावं वाचून राजवट हादरली असणार. मिगेल सांचेझ-माझास: वडील फालान्हेचे संस्थापक सदस्य. हाविएर प्रादेरा: वडील आणि आजोबा दोघंही १९३६ मध्ये प्रजासत्ताकाच्या बाजूच्या लोकांनी मारलेले. दिओनिसिओ रिद्रुएखो: हा तर विद्यार्थीही नव्हे, फालान्हेचा नामवंत कवी, युद्धात फ्रँकोच्या प्रचारखात्याचा प्रमुख. बाहेरच्या शत्रूला तुरुंगात टाकता येतं. इथे घरातली पोरं दार ठोठावत होती. त्याच वर्षी १ एप्रिलला, फ्रँकोच्या विजयदिनी, विद्यार्थ्यांचं आणखी एक पत्रक निघालं. त्यात त्यांनी स्वतःला विजेत्यांची आणि पराभूतांची मुलं म्हटलं. वीस वर्षं राजवटीनं समाजाची हीच फाळणी जपली होती, आणि मुलांनी ती एका ओळीत पुसून टाकली.

## वर्गप्रतिनिधीला घाबरायचं कशाला?

राजवटीनं यातून धडा घेतला, पण अर्धाच. मुलांची वाफ जिरावी म्हणून सेउच्या खालच्या पायऱ्यांवर निवडणुकांना वाव दिला. वर्गाचा प्रतिनिधी, पुढे पुढे विभागाचा प्रतिनिधी विद्यार्थी निवडणार. वरचे प्रमुख मात्र नेमलेलेच.

आपल्याकडे सीआर आणि जीएस हे शब्द कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत, जरी महाराष्ट्रात कॉलेजच्या थेट निवडणुका वर्षानुवर्षं झालेल्या नसल्या तरी. सीआर करतो काय? वेळापत्रकाची तक्रार नेतो, परीक्षा पुढे ढकला म्हणतो. एवढ्याशा पदाला हुकूमशहानं का घाबरावं?

कारण त्या देशात बहुतेकांनी खरीखुरी निवडणूक कधी पाहिलीच नव्हती. वर्गात चिठ्ठ्या वाटल्या, दोन नावं उभी राहिली, मोजणी सगळ्यांसमोर झाली, आणि निवडून आला तो वर्गाचा माणूस झाला. मग सेउचा नेमलेला प्रमुख आणि हा निवडलेला प्रतिनिधी एका बैठकीत समोरासमोर बसले की प्रश्न आपोआप उभा राहतो: तुला कुणी निवडलं? हा प्रश्न विद्यापीठातल्या प्रमुखाला विचारता येतो, तर मंत्र्याला का नाही, आणि फ्रँकोला का नाही?

गुप्तपणे काम करणाऱ्या विरोधी गटांनी हे ओळखलं. कम्युनिस्ट, समाजवादी, डावे कॅथलिक, सगळ्यांनी आपली मुलं या निवडणुकांत उभी केली. बंद दारावर डोकं आपटण्यापेक्षा उघड्या खिडकीतून आत गेलेलं बरं, असा हिशेब. १९६० च्या दशकाच्या पहिल्या वर्षांत एकेका विभागात त्यांची माणसं निवडून आली, आणि मग त्याच विभागांनी जाहीर केलं की आम्ही सेउतून बाहेर पडतो.

२४ फेब्रुवारी १९६५ ला माद्रिदमध्ये हजारो विद्यार्थी कुलगुरूंच्या कचेरीकडे निघाले. पुढे प्राध्यापक: आरांगुरेन, गार्सिया काल्व्हो, तिएर्नो गाल्व्हान. पोलिसांनी पाण्याचा मारा केला, लाठ्या चालवल्या. एप्रिलमध्ये सरकारनं सेउची सक्ती रद्द केली, तिच्याकडे नुसती सेवा चालवायची कामं ठेवली. ऑगस्टमध्ये या तिघा प्राध्यापकांना विद्यापीठातून कायमचं काढलं. बार्सिलोनात सौंदर्यशास्त्र शिकवणारे कवी होसे मारिया व्हाल्व्हेर्दे यांनी त्याच्या निषेधार्थ नोकरी सोडली. जाताना त्यांनी फळ्यावर लॅटिनमध्ये लिहिलं, असं सांगतात: नीती नसेल तर सौंदर्यशास्त्रही नाही.

सेउच्या जागी सरकारनं नव्या ‘व्यावसायिक संघटना’ काढल्या, पण मुलांनी त्या घेतल्या नाहीत. ९ मार्च १९६६ ला बार्सिलोनाच्या सारिया भागातल्या कापुचिन साधूंच्या मठात विद्यार्थी प्रतिनिधी जमले आणि त्यांनी स्वतःची लोकशाही संघटना स्थापन केली. मठ निवडला कारण चर्चशी झालेल्या करारामुळे पोलिसांना धर्मस्थळात परवानगीशिवाय शिरता येत नसे. प्रतिनिधींबरोबर कवी साल्व्हादोर एस्प्रिउ, चित्रकार तापिएस, तत्त्वज्ञ मान्वेल साक्रिस्तान असे पाहुणेही होते. पोलिसांनी मठाला वेढा घातला, फोन तोडला. साधूंनी कुणालाही बाहेर काढायला नकार दिला. होतं नव्हतं ते अन्न शेकडो माणसांत वाटलं. दोन रात्री अशा गेल्या. ११ तारखेला पोलीस आत घुसलेच. कॅथलिक धर्माच्या नावानं राज्य करणाऱ्या सरकारनं मठाचं दार तोडलं, ही बातमी युरोपभर झाली.

## काही शंका

फ्रँको खरंच फॅसिस्ट होता का? अभ्यासकांत यावर मतभेद आहेत. त्याच्या सत्तेत लष्कर, चर्च, राजेशाहीवादी आणि फालान्हे असे वेगवेगळे भागीदार होते. हुआन लिन्झ या राज्यशास्त्रज्ञानं तर स्पेनचं उदाहरण घेऊनच ‘एकाधिकारशाही’चा वेगळा वर्ग मांडला. १९४५ मध्ये हिटलर-मुसोलिनी संपल्यावर फ्रँकोनं हात वर करायचा सलामही अधिकृतपणे सोडला. पण विद्यापीठापुरतं बोलायचं तर सेउ फॅसिस्ट पक्षाच्या पोटी जन्मली आणि एकही मूल रांगेबाहेर राहू नये हाच तिचा हेतू होता. तिला दुसरा शब्द लावायला मी तयार नाही.

हा सगळा कम्युनिस्टांचा डाव होता, असं नाही का? सरकारचं म्हणणं तेच होतं. कम्युनिस्ट होते, संघटित होते आणि शिस्तीचे होते, हे खरं. पण फालान्हेच्या संस्थापकाचा मुलगा, कॅथलिक तरुण, मठातले साधू आणि सौंदर्यशास्त्राचा ख्रिस्ती कवी एकाच डावातले होते असं म्हणायचं, तर मग डाव या शब्दाला अर्थ राहत नाही.

सगळ्याच हुकूमशहांनी असं केलं का? नाही. शेजारच्या पोर्तुगालमध्ये सालाझारनं शाळकरी मुलांची सक्तीची संघटना काढली, पण विद्यापीठांतल्या जुन्या विद्यार्थी संस्था गुंडाळल्या नाहीत, त्यांचा गळा आवळत राहिला. १९६२ मध्ये त्यानं ‘विद्यार्थी दिना’वर बंदी घातली तेव्हा लिस्बनमध्ये मोठा उद्रेक झाला. सालाझारचा हात कसा असतो हे गोव्याच्या जुन्या पिढीला सांगायला नको. सभा घ्यायला बंदी, छपाईवर सेन्सॉर. १८ जून १९४६ ला राममनोहर लोहिया मडगावात बोलायला उभे राहिले, ते याच बंदीविरुद्ध.

विद्यार्थ्यांनी फ्रँकोला पाडलं का? नाही. तो ८२ व्या वर्षी इस्पितळात मेला, सत्तेवर असतानाच. आणि सेउ गेल्यावर मोकळीक आली असंही नाही. मुलांना बांधून ठेवणारी संघटना हातची गेल्यावर सरकारपाशी पोलीसच उरले, आणि विद्यापीठांच्या आवारात करड्या गणवेशाचे पोलीस ठाण मांडून बसले. जानेवारी १९६९ मध्ये एन्रिके रुआनो या २१ वर्षांच्या कायद्याच्या विद्यार्थ्याला पत्रकं टाकल्याबद्दल पकडलं. तीन दिवसांनी, पोलिसांच्या ताब्यात असताना, तो माद्रिदमधल्या एका इमारतीच्या सातव्या मजल्यावरून पडून गेला. सरकार म्हणालं आत्महत्या. त्याच्या खासगी लिखाणातले तुकडे मोडूनतोडून वर्तमानपत्रात छापून आणले. विद्यापीठं पेटली आणि चार दिवसांत देशभर आणीबाणी लागली. रुआनोच्या मृत्यूबद्दल शेवटपर्यंत कुणाला शिक्षा झाली नाही.

विद्यार्थ्यांनी जे केलं ते वेगळं होतं. राजवटीला वारस हवे होते आणि ते विद्यापीठातून यायचे होते. १९५६ नंतर तिथून वारस मिळणं आटत गेलं. जे मिळाले त्यांनाही वारं कळत होतं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सेउचा राष्ट्रीय प्रमुख असलेला रोदोल्फो मार्तिन व्हिया १९७६ मध्ये गृहमंत्री झाला, आणि त्याच्याच काळात कम्युनिस्ट पक्षाला मान्यता मिळाली आणि १९७७ ची मुक्त निवडणूक पार पडली.

## आणि ती भिंतीवरची अक्षरं?

भाचीनं सगळं ऐकल्यावर विचारलं, “तो पळून गेलेला मुलगा? त्याचं पुढे काय झालं?”

निकोलास सांचेझ-आल्बोर्नोझ अर्जेंटिनाला गेला, इतिहासकार झाला, मग अमेरिकेत प्राध्यापक. फ्रँको गेल्यावर मायदेशी येणं शक्य झालं. १९९१ मध्ये स्पेनच्या सरकारनं स्पॅनिश भाषा जगभर शिकवण्यासाठी ‘इन्स्तितुतो सेर्व्हान्तेस’ ही संस्था काढली आणि तिचा पहिला संचालक म्हणून त्यांना नेमलं. स्पॅनिश शिकणारी आपली मुलं ‘डेले’ नावाची परीक्षा देतात, ती याच संस्थेची. भाची पुढच्या वर्षी तिला बसणार आहे.